घुम्या

शुक्रवारच्या बाजारात, पत्र्याच्या सावलीला
एका म्हाताऱ्याने चादरीवर मांडला होता तो.
दोन पिल्लं वायरीला धरून बसलेली,
मध्ये हा लाकडी खोका, तोंडावर फाटकी जाळी.
"शगाल?" मी विचारलं. चालतो का?
म्हाताऱ्याने आकाशाकडे बोट केलं.
दीड दिनार सांगितला, एकावर आला,
वर एक माऊस फुकट, शेपूट तुटलेला.

जलीबपर्यंत बसमध्ये मांडीवर.
शेजारचा बाप्या सरकून बसला,
लेकुरवाळीला जागा देतात तसा.

खोलीत आठ जण, चार बंक.
मागचं भोक खाली करून आपटलं तर
ओंजळभर वाळू पडली,
एक झुरळ, वाळून पापडी झालेलं,
आणि एक निळा हत्ती, बोटाच्या पेराएवढा.
कुणाच्या तरी पोराने ढकलला असणार.
शिनोज म्हणाला, फेक. मी खिडकीत ठेवला.

एका स्क्रूची खाच मेलेली, ती ड्रिलने संपवली.
आत दोन कपॅसिटर पोट वर काढून,
पंगत उठल्यावर टेकलेले पाहुणे.
बोर्डावरचा पिवळा गोंद उन्हाळ्यांनी तपकिरी केलेला.
तपकिरी गोंद करंट पितो,
हे आयटीआयला खोपडे सरांनी सांगितलं होतं.
परीक्षेत आलं नाही. इथे आलं.

कोनच्या कडेचा फोम तर बोट लावताच भुगा.
कंपनीचा जुना टी-शर्ट घेतला,
ताटली ठेवून गोल कापला, आत वाटी ठेवून पुन्हा कापला,
पंक्चरच्या सोल्युशनचे तीन हात दिले.
ज्या तुकड्यावर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं होती
तो आतल्या बाजूला घेतला.

लावला. हूंऽऽऽऽऽ.
गाणं नाही, काही नाही, नुसता हूं.
या इमारतीला अर्थिंगच नाही.
हारिस म्हणाला, मालकाला सांग.
मालकाला मागच्या वर्षी पाणी नाही म्हणूनही सांगितलं होतं.
शेवटी लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला
आणि हूं गप्प झाला.
बटणाची खरखर कंपनीच्या व्हॅनमधल्या फवाऱ्याने गेली.

पहिला आवाज अरबी बातम्यांचा. उद्या धूळ.
दोन्ही पिल्लं स्पष्ट बोलली.
हा तेवढा काही बोलला नाही,
मोठ्या माणसासारखा खालून हुंकार भरत राहिला.
घरी मलाही घुम्या म्हणायचे.
फोनवर बायको अजून विचारते, ऐकतोयस ना?
मी हं म्हणतो. ऐकतच असतो.

पण लावायचा कधी? इथे कुणी ना कुणी झोपलेलंच.
मोफिझुल रात्रपाळीचा, त्याने चप्पल दाखवली.
मग ठरलं: बटण नवाच्या काट्यापुढे नाही,
आणि खोका बंकखाली, भिंतीला.

काल दुपारी शिनोजने काहीतरी लावलं, अगदी हळू.
कानाला काही नव्हतं.
पण बंकचं लोखंड थरथरायला लागलं,
बारीक, पाण्याला येतो तसा काटा.
मोफिझुल कुशीवर वळला, डोळे मिटलेलेच,
म्हणाला, लाँच सुटली?
कुणी हसलं नाही.
शिनोजने घाबरून बंद केलं,
तर तो उठून बसला. बंद का केलंस?
अर्धी नदी राहिली ना.

आता रोज तोच सांगतो, लाव.
हारिसला म्हणे त्यात त्याच्या आत्याचं शिवणयंत्र ऐकू येतं.
मी पाठ लावून पडलो, खूप वेळ,
मला काहीच आठवलं नाही.
एवढंच वाटत राहिलं,
डावीकडचा दुसरा टाका थंड राहिला की काय.

हत्ती आता खोक्यावर असतो.
आवाज चालू असला की कणाकणाने सरकतो,
कुणाच्या लक्षात येत नाही असा,
दिव्याच्या बाजूच्या कडेकडे.
झोपताना मी वाकून
त्याला पुन्हा मध्यभागी ठेवतो.