आत येणारी हवा

सोस्नोव्काच्या टोलनाक्यावर रांग.
बाहेर छत्तीस.
आत, इंजिन जिथून श्वास घेतं तिथे, अठ्ठावन्न.
स्टेअरिंगशेजारच्या बोटभर पडद्यावर
हिरवा आकडा लुकलुकतो.
मागच्या हिवाळ्यात सागिनबायनं बसवून दिला,
मेंढीच्या एका मांडीच्या बदल्यात.

म्हणाला, बुरमा,
पाण्याचा काटा सगळेच बघतात,
तू हवेचा बघ.
पेट्रोल पिताना गाडी सगळ्यांना दिसते,
खिशाला कळतं.
श्वास घेते ते कुणाच्या गावी नसतं.

मागे चार प्रवासी.
नवरीची मावशी, मांडीवर चिनी मातीच्या बश्या.
दोन पोरं, एकाच हेडफोनची दोन टोकं.
आणि पुढे, माझ्या शेजारी, दोक्तुरबेक आजोबा,
टोपी गुडघ्यावर.
बिघडलीय का, विचारतात.

नाही, आजोबा. उभी आहे म्हणून तापलीय.
स्वतःच्याच अंगाची धग
परत स्वतःच्याच नाकात.

रांग सुटते.
बावन्न, सत्तेचाळीस, त्रेचाळीस.
वारा लागला की ती सुधारते,
एक्सलेटरवर पाय नुसता ठेवला तरी समजते
तिला काय हवंय.

मग चढ, आणि कोळशाचा ट्रक.
वळणांमागून वळणं त्याच्या धुराच्या शेपटीला धरून.
पंचावन्न.
पाय दाबते, गाडी ऐकते पण उशिरा,
उन्हात झोपलेल्या कुत्र्यासारखी
आधी कान हलवते.
गरम हवा फुगीर असते, सागिनबाय सांगायचा,
घास तेवढाच, आत जीव कमी.

बोगद्यापलीकडे बाहेर सहा, आत चौदा.
आता धावेल, वाटलं.
थंड म्हणजे दाट, दाट म्हणजे दम,
एवढं पाठ झालं होतं मला.
पण ती दमलेलीच.
इतक्या उंचावर हवाच मुळात थोडी,
ताट स्वच्छ, गार, आणि अर्धं रिकामं.
मागे एकदा फोन करून भांडले होते यावरून.
हसला. आकडा खोटं बोलत नाही, म्हणाला,
पण सगळंही बोलत नाही.

सुसामिरला कुमीससाठी थांबलो.
वीस मिनिटं. इंजिन बंद.
बोटं गारठलेली, मावशी शाल शोधतेय.
किल्ली फिरवली,
त्रेसष्ट.
दिवसातला सगळ्यात मोठा आकडा
दिवसातल्या सगळ्यात थंड जागी.

बंद होती तरी तापली? आजोबा म्हणाले.
बंद होती म्हणूनच.
पंखा थांबला, वारा थांबला, पाणी फिरायचं थांबलं.
धग जाणार कुठे? झाकणाखाली बसून राहिली.

यावर ते काही बोलले नाहीत.
ओशला त्यांचा धाकटा भाऊ असतो.
एका घोडीवरून अबोला,
अकरा वर्षं.
हे मला त्यांनी सांगितलेलं नाही,
जागा राखायला फोन केला तेव्हा
त्यांच्या सुनेनं सांगितलं,
आणि म्हणाली, वाटेत परत फिरा म्हणाले
तर ऐकू नका.

गाडी रस्त्याला लागली.
दोन्हीकडे गवत, घोडे, लांबवर एक पांढरा तंबू.
आजोबांची नजर बाहेर नाही.
चष्मा लावलाय,
पडद्याकडे वाकलेत,
आणि कुणी न विचारता मोठ्यानं वाचतायत,
पन्नास. एक्केचाळीस.
तीस.
अजून आठ तास.
एकवीस.
वीस.
वीस.
एकोणीस.