दोनशे ग्रॅम

उदगीरच्या कॉलेजात मी केमिस्ट्रीचा लॅब परिचर.
पितळी वजनं चिमट्यानं उचला, बोट लावू नका,
बोटाचा घामसुद्धा मोजला जातो:
बत्तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो.
आणि दर ऑक्टोबरात रजेचा अर्ज.
कारण: घरगुती.
घरात कुणाला काही झालेलं नसायचं,
कुठंतरी मॅट अंथरलेली असायची.

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर.
वहीत एसटीची तिकिटं डकवलेली, शेजारी ड्रॉ,
लाल कोपरा लाल पेनानं, निळा निळ्यानं.
मी कधी लढलो नाही.
लंगोटही बांधता येत नाही मला.
कुणी विचारलं तर म्हणायचो,
बघणारा लागतोच की एक.

मन्मथ हुडगे पहिल्यांदा दिसला
चौदा वर्षांखालील, पस्तीस किलोत.
कॉस्च्युम थोरल्या भावाचा, खांद्याला सेफ्टी पिना.
पंचांनी पिना काढायला लावल्या,
आईनं मॅटच्या काठावर बसून टाके घातले,
दातानं दोरा तोडला.
चाळीस सेकंदांत चीत.
उठून पंचांच्या पाया पडला, मग जिंकलेल्या पोराच्या,
मग गडबडीत माझ्याही.
वहीत लिहिलंय: मान चांगली. पट काढताना डोळे मिटतो.

पुढल्या वर्षी डोळे उघडे होते.
अडतीस. एक्केचाळीस.
मग सतरा वर्षांखालील अठ्ठेचाळीस, एक्कावन्न,
लोह्याचा अरबाज पठाण घिस्स्यावर पालथ्याचा उताणा,
आणि माझ्या वहीत एक सबंध पान,
अक्षर जरा वाकडं, कारण मी उभा राहून लिहीत होतो.

कॉलेजचं पहिलं वर्ष, नांदेड.
सकाळचा काटा: सत्तावन्न किलो दोनशे ग्रॅम.
अर्धा तास दिला.
दोन स्वेटर, वर रेनकोट, मैदानाला फेऱ्या,
थुंकी थुंकून तोंड कोरडं.
शेवटी मीच कात्री मागून आणली
आणि भिंतीआड त्याचे केस कापले.
केसांना वजन किती असतं
हे त्या मैदानात मला सोडून कुणाला ठाऊक असणार?
तरी कापत राहिलो.
टॉवेलच्या आडोशाला उघडा, श्वास सोडून, डोळे मिटून
तो काट्यावर चढला.
सत्तावन्न, शून्य ऐंशी.

त्यानंतर यादीत नाव नाही. एक वर्ष. दुसरं.

परवा कंधारहून परतताना
साखर कारखान्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता धरला,
एसटी तासभर जागच्या जागी.
चहा शोधत गेलो तर वजनकाट्याच्या खिडकीत
मोडलेले दोन कान.
“मामा, इकडं कुठं?”
अंगानं सुटलाय. मानेला रुमाल.
एकोणतीस टन चारशे ऐंशी, पावती फाडली,
पुढचा ट्रॅक्टर थांबवला हातानं,
आणि पहिलं काय विचारावं?
“सत्तावन्नला कोण आलं औंदा?”
मी वही उघडली.
“पटावर का घिस्स्यावर?”
घिस्स्यावर, म्हटलं.
“कुठला हात?”
डावा.
तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यानं डावा हात फिरवला,
पावत्यांचं पुस्तक खाली पडलं.
बाहेर ट्रॅक्टरवाले शिव्या देत होते.

दोनशे ग्रॅमचं मी काढलं नाही.
त्यानंच काढलं, हसून:
“ह्या काट्याला मामा, वीस किलोच्या आतलं काही कळतच नाही.
उभारा की, बघू.”

रिकाम्या पोलादी पाट्यावर मी एकटा.
पायांखाली उसाची पाचट, समोर दोन हेडलाइट,
मागं एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न.
चपला काढाव्यात का, असं उगीच वाटलं.
खिडकीतून तो ओरडला,
अगदी स्पर्धेत ओरडतात तसं, नाव आडनाव लावून,
“साठ! मामा, तुम्ही साठमदी बसलाव!”

मी चपला हातात घेऊन
तसाच उभा.