वाराई

सोमवार आणि गुरुवार, पहाटे साडेपाच,
मखमलाबाद नाक्याला, टायरच्या दुकानामागचा गाळा.
शटर अर्धंच वर असतं, वाकून आत जावं लागतं.
वाल्मिकसर म्हणतात, हा पहिला स्क्वॉट, तो मोजायचा नाही.
जानेवारीतलं नाशिक. दांडी हातात घेतली की
लोखंड आधी बोटं मागतं, मग जोर.

दोन्ही एकाच दिवशी करू नये, असं बरेच जण सांगतात.
सर म्हणतात, करायचं. पण एकाला पोटभर वाढायचं,
दुसऱ्याला चवीपुरतं.
सोमवारी स्क्वॉट जड,
डेडलिफ्ट नुसती ओळख राहावी इतकी.
गुरुवारी उलट.
दोघांना सारखंच वाढलं
तर कंबर तिसऱ्या दिवशी हिशेब मागते.
माझ्याकडे एकदा मागितला आहे तिनं.
आठवडाभर मी चपला पायांनीच शोधल्या.

स्क्वॉटमध्ये ओझं आधी अंगावर येतं,
मग आपण खाली जायचं.
अगदी तळाशी एक जागा असते,
तिथं ओळखीचं कुणी नसतं.
तिथून उठायचं.

डेडलिफ्टमध्ये ओझं भुईवर पडलेलं,
त्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही.
आपणच जाऊन त्याला हटकायचं.
नडग्या दांडीला भिडवायच्या, बगला आवळायच्या,
आणि वर ओढायचंच नाही,
जमीन खाली ढकलायची.

हे घरी सांगितलं तेव्हा आप्पा शेंगा फोडत होते.
"एकात गोणी पाठीवर देतात,
एकात आपली आपण घ्यायची.
नवं काय त्यात?"

पुंजाराम पगारे, बिल्ला नंबर दोनशे अकरा,
दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं.
मानेखाली, जरा डावीकडे, सुपारीएवढी गाठ.
गोणीचा कोपरा तिथं बसायचा.
माझ्या तिथंच आता दांडी बसते,
सोमवारी लाल होते जागा.
हे मी त्यांना दाखवलेलं नाही.

गेल्या गुरुवारी ते आले.
राहू द्या म्हटलं तरी चपला बाहेर काढल्या.
आरशांकडे पाहिलं नाही.
वीसच्या चार प्लेटा बोटानं मोजल्या,
दांडीचे वीस मिळवले.
"शंभर. म्हणजे दोन गोण्या.
पोचवायचं कुठं?"

कुठंच नाही, आप्पा.
उचलायचं आणि इथंच ठेवायचं.

"आणि वाराई कोण देतं?"

मीच देते. महिन्याला नऊशे.

वाल्मिकसर हसले. आप्पा नाही हसले.

मी पाच वेळा उचललं.
दर वेळी त्यांच्या तोंडून "हूं" निघत होता,
माझ्याही आधी,
गाडीला गाडी लागलेली असताना निघावा तसा.
चौथ्याला माझी पाठ जराशी गोल झाली
तर सरांच्या आधी तेच बोलले, "छाती!"
पाचव्यानंतर मी दांडी सावकाश टेकवली.
"आम्ही टाकायचो," ते म्हणाले.
"ठेवायला कुणी शिकवलंच नाही.
टाकली की दुसरी."

मग प्लेटेशेजारी उकिडवे बसले,
टाचा भुईला, मांड्या पोटऱ्यांना चिकटलेल्या.
सरांनी दोन पोरांना हाक मारून दाखवलं,
हे बघा, याला म्हणतात पूर्ण खोली.
पोरांनी मान डोलावली. एकानं फोन काढला.
आप्पा प्लेटेवरचा आकडा नखानं खरवडत होते.

उठताना थांबले.
माझ्याकडे हात मागितला नाही.
वरच्या कडेवर तळवा टेकला,
आणि मी न सांगता पायानं प्लेट अडवून धरली.
गुडघे वाजले. एक, मग दुसरा.
शंभर किलो तसूभर हललं नाही.

"जड आहे ते बरं आहे," म्हणाले,
आणि चपला शोधायला गेले.

माझे हलके स्क्वॉट अजून बाकी होते.