अग्नी टीचर

फेब्रुवारीत, शापोऱ्याच्या खाडीचं पाणी
आगरात शिरून साय धरू लागतं तेव्हा
दरवर्षी आमच्या शाळेत कुणीतरी येतं.
यंदा आली ती पोलंडहून.
नाव अग्न्येश्का. पहिल्याच दिवशी
पोरांनी त्याची शेपटी छाटली,
ठेवलं नुसतं अग्नी.
अर्थ सांगितला मी, तर
देवळीतल्या काडेपेटीकडे बोट दाखवून
म्हणाली, "मी?"

आगरवाड्याची शाळा: दोन खोल्या, चार इयत्ता,
एकोणीस पोरं, मी,
आणि मधल्या सुट्टीत बचतगटाची पावभाजी
डोक्यावरून आणणारी शेवंतीबाय.

इथं यायला तिनं पैसे भरले होते
कुठल्याशा संस्थेला. विमानाचे वेगळे.
हे ती सांगत होती तेव्हा मी, कंत्राटी,
डिसेंबरच्या पगाराची वाट बघत
खडूचे तुकडे मोजत होते.
राग आला म्हणावं, तर नाही.
पण त्या दिवशी तिच्या चहात साखर कमी पडली.

पिशवीतून चित्रांची कार्डं निघाली.
रेड. ब्लू.
पुढचं कार्ड वर यायच्या आत पोरं
यल्लो, पर्पल, पिंक करत पार टोकाला पोचली.
कारण गेल्या वर्षीच्या जर्मन मुलानं
रंगच शिकवले होते,
त्याच्या आधीच्या दोघी बहिणींनीही
रंगच.
सहा आठवड्यांत कुणाला
रंगांच्या पुढं जाता येत नाही.
आमच्या पोरांना इंग्रजीत
नुसतं दिसतं,
करता काही येत नाही.

मग एक कार्ड: पांढरा ढीग,
ढिगाला गाजराचं नाक.
"स्नो," ती म्हणाली.
रेणव्वा उठली. बाप तिचा आगरात फळी ओढतो.
घरात कन्नड, अंगणात कोंकणी,
पुस्तकात मराठी, टीव्हीसमोर हिंदी,
अशी ती रेणव्वा.
"बाई, हें मीठ न्ही?"
झालं. अख्खा वर्ग, मीठ, मीठ!
गाजर कुणी खोचलं, एवढंच कोडं उरलं.

शाळा सुटल्यावर पोरांनी तिला आगरात नेलं.
चपला हातात, बांधावरून एका रांगेत,
मी शेवटी.
ढिगापाशी वाकून तिनं चिमूट जिभेवर ठेवली.
"सूल," म्हणाली.
आम्हांला नाही, स्वतःला.
मग ढीग मोजू लागली,
येदेन, द्वा, त्शी...
आणि मला उशिरानं उमगलं,
इंग्रजी तिचीही नव्हे.
तीही कुठल्याशा वर्गात, थंडीनं कुडकुडत,
कुणाच्यातरी पुढं पाठ करून आलेली.
मी तरी काय,
हजेरी मराठीत घेते,
पैसे मोजते कोंकणीत.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे साखर घातली.
तर म्हणे, नको, मी साखर घेतच नाही.

मार्च संपताना गेली.
कार्डं ठेवून गेली, शेवंतीबायनं दिलेली
सोलांची पिशवी घेऊन.
विमानतळावर ती उघडायला लावली म्हणे,
वास सगळ्यांना घ्यायला लावला.

एप्रिलात पेडण्याहून साहेब तपासणीला आले.
गुड मॉर्निंगमधला र पोरांनी असा काही घोळवला
की साहेबांनी चष्मा काढून पुसला.
"कोणी शिकवलं हे?"
रेणव्वा उभी. "टीचर कम. टीचर गो."
"वेंट," साहेब म्हणाले. "टीचर वेंट."
मी फळ्यावर लिहिलं, गो.
शेजारी लिहिलं, वेंट.
रेणव्वा दोन्हींकडे बघत राहिली,
बोटानं अक्षरं तपासली हवेतच.
"बाई, ह्यातलं एकही अक्षर
त्यात नाही. मग ते हेच कसं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
मी खिडकीकडे.
बाहेर आगरात कुणीतरी फळी ओढत होतं.
"पाठ कर," मी म्हणाले.