खोलीची रुंदी

बखारीची पहिली खोली: नऊ फूट सात इंच.
दुसरी: नऊ फूट पाच.
तिसरी, चौथी, वरची, खालची,
कुठेच दहा फूट भरेना.
सूरच्या गवंड्यांचा हात एवढा आखडता का, मी विचारलं.
खल्फान हसला. इथला पहारेकरी.
वय विचारा, पेम्बा बेटावरचे लवंगेचे हंगाम मोजतो,
ते आठच. पुढचं मोजत नाही.
"रुंदी इथं नाही ठरली," म्हणाला. "रुफिजीत ठरली."

म्हणजे असं, की टांझानियात
नदी समुद्राला मिळते तिथं चिखलात उभी झाडं,
भरतीला गळाभर, ओहोटीला उघडी मुळं.
एक माणूस जेवढा दांडा खांद्यावर घेऊन
त्या चिखलातून चालू शकेल
तेवढाच तोडायचा.
डिसेंबरच्या वाऱ्यावर इथून खजूर आणि खारे मासे जायचे,
एप्रिलचा वारा फिरला की गलबतं दांडे भरून परत.
त्याच दांड्यांची ही छपरं.
अख्खं गाव निजलं, बाळंत झालं, भांडलं
कुणा एकाला पेलवेल एवढ्या लांबीखाली.

खल्फान वर बोट करतो: चंदल.
त्याच्या आईच्या स्वाहिलीत म्कांदा.
मी दाभोळ खाडीकाठचा, आमच्यात कांदळ.
माझा डिप्लोमा सिव्हिलचा, भाषेतलं मला कळत नाही.
पण तिन्ही शब्द लागोपाठ म्हटले
की पायाच्या बोटांत तोच गार चिखल येतो.

परांचीवर वास्स्वा. युगांडा, मसाक्याकडचा.
जुळ्यातला थोरला. धाकटा काटो गावी.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून.
एजंटाचे पैसे भरायला दोन एकर कॉफी विकली,
आणि त्याच वर्षी कॉफी कडाडली.
काटो दर फोनला नवा भाव सांगतो.
"त्याला सांग, गप बस," मी म्हणतो.
"जुळा आहे," वास्स्वा म्हणतो, "गप कसा बसेल?"
इथले रियाल नऊ सेकंदांत तिकडे शिलिंग होतात.
वास्स्वाला परत जायला अजून चौदा महिने.

छताची काजळी खरवडताना खाचा निघाल्या.
वीस उभ्या, मग एक आडवी. पुन्हा वीस.
"कोडी," मी ओरडलो.
"कोरजा," खल्फान खालून.
मग आम्ही हिशोब जुळवत बसलो:
हिशोबाला हेसाबू, दुकानाला दुका,
पैशाला पेसा, चहाला चाय.
तिघंही हसत होतो. परांची हलत होती.

तळाच्या बिनखिडकीच्या खोलीत
वास्स्वा विजेरी घेऊन गेला, तो लवकर आला नाही.
तिथं भिंतीवर खाचा होत्या, कमरेच्या उंचीला. वीस, मग आडवी.
"दांडे या दारातून आत येणार नाहीत," तो म्हणाला.
"वळण बघा."
मग म्हणाला, "कडी बाहेरून आहे."

कडी मी नकाशात पाहिली होती.
पुढे माझ्याच अक्षरात: गंजलेली, काढणे.

खल्फान बराच वेळ विजेरीकडे बघत राहिला.
"आमच्यात माणसाला बापाचं नाव लागतं,
त्याच्या बापाचं, त्याच्याही.
आईच्या आईला एकच नाव होतं.
पुढे काही नाही."
नाव काय, हे त्याने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

इथं कॉफीचं दुकान होणार आहे.
मालकाला बारा फूट रुंदी हवी,
लोखंडी तुळया सोहारहून निघाल्यात.
दुपारी पहिला दांडा उतरवला.
दोघं लावतो म्हटलं, तर वास्स्वा नको म्हणाला.
एकट्याने खांद्यावर घेतला,
तोल शोधावा लागला नाही.
कोरड्या फरशीवरून चालला,
पण पाऊल उचलून, उचलून टाकत.

संध्याकाळी नकाशा उघडला.
"काढणे" खोडलं.
शेजारी काय लिहावं, सुचत नाही.
बाहेर वास्स्वाचा फोन वाजतोय.
काटो असेल. आजचा भाव.