द्विकर्मक

ग्रिनॉकच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी साडेसहाला वर्ग भरतो.
आज इशबेल रँकिन फळ्यावर लिहितात: बाय.
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं काढलेली बाई,
सुटे पैसे द्यावेत तसे शब्द मोजून हातावर ठेवते.

सोपं आहे, म्हणतात. पैसे द्या, वस्तू घ्या.
त्याखाली भूतकाळ: बॉट.
मधली दोन अक्षरं उच्चारायची नाहीत.
"मग ती तिथे बसलीयत कशाला?" मिरोस्लावा विचारते.
इशबेल खिडकीतून क्लाइडच्या काळ्या पाण्याकडे बघतात.
"असू देत. पूर्वी कोणीतरी म्हणत असेल."

मी मागे, बिस्किटांच्या डब्यापाशी.
चहा करणं एवढंच माझं काम.
माझ्या भाषेत या क्रियापदाला एकट्याने जमत नाही,
घेण्याच्या आधी विकत लागतं.
समोरचा विकत असेल तर आपण घेणार.
नाहीतर ते नुसतंच घेणं,
त्याला पुढे काय म्हणायचं ते ज्याचं गेलं तो ठरवतो.

इशबेल बाकीचे अर्थ काढतात.
वेळ विकत घेता येतो.
घियास होम्सला घड्याळं दुरुस्त करायचा. तो हसतो:
"मी विकायला बसलो होतो, कोणी आलं नाही."
गोष्टही विकत घेता येते, म्हणजे खरी मानता येते.
रेबवार मान वर करत नाही.
त्याची गोष्ट गृहखात्याने दोनदा परत केलीय,
पहिल्यांदा तारखा जुळत नव्हत्या म्हणून,
दुसऱ्यांदा फारच नीट जुळल्या म्हणून.
शेत विकत घेतलं म्हणजे माणूस मेला,
हेही इशबेल लिहितात आणि लगेच बाहीने पुसतात.
"परीक्षेला येत नाही."

मग स्वाध्याय. दोन कर्मांचं एक वाक्य.
आधी व्यक्ती, मग वस्तू:
मी मुलीला छत्री घेतली. मी शेजाऱ्याला पाव घेतला.

लेतेब्रहानने तीनच शब्दांत संपवलंय.
लाल पेन कागदावर टेकतं, थांबतं.
"भावाला काय घेतलंस? कोट?"
"भाऊ."
"हो, भावाला. पण काय?"
"भाऊ."

इंग्रजीत 'ला' नाही.
भावाला आणि भाऊ एकाच कपड्यात उभे असतात,
ओळखायचं कसं.

लीबियातलं एक गोदाम, ती सांगते.
फोनवर आधी त्याचा आवाज, मग दुसऱ्याचा, मग आकडा.
साडेपाच हजार डॉलर, तीन हप्ते.
आईच्या बांगड्या. मावसबहिणीचं लग्न, जे मग झालंच नाही.
अस्माराच्या चर्चमध्ये फिरवलेलं ताट.
घासाघीस? केली. एकदाच.
पलीकडे तो ज्या आवाजात ओरडला
तो तिने आधी कधी ऐकला नव्हता.

आता तो बोलोन्यात पाव भाजतो.
सणाला शंभर युरो पाठवतो, ती परत पाठवते.
विकत घेतलेला भाऊ फार बोलत नाही.

हीटर टकटकतो. मिरोस्लावा उगाच पेन्सिलीला टोक करते.
इशबेल पेनाला टोपण लावतात.
"वाक्य बरोबर आहे."
कागदावर लाल ठिपका तेवढा राहतो.

मी चहा ओततो. साखर विचारायचं विसरतो.

सव्वाआठला बसथांब्यावर पाऊस आडवा येतो.
इशबेल पर्स उघडतात: तुझं तिकीट आज मी काढते.
लेतेब्रहान त्यांच्या मनगटावर हात ठेवते.
"नको. मला विकत घेऊ नका."

एक कर्म राहून गेलं होतं.
इशबेल दुरुस्त करत नाहीत.
ड्रायव्हर म्हणतो, बायांनो, चढा तरी,
दार उघडं आहे, गारठा आत येतोय.