एक दिवसाआड

छावणीतल्या मालूने पाठकोऱ्या कागदावर जहाज काढलं.
हे तुमचं आतलं, बिनखिडकीचं.
हे गॅलरीवालं, माणशी अठरा हजार जास्त.
"काका, खोलीत काय, झोपायचंच तर असतं."
शरयू म्हणाली, समुद्राला जायचं नि समुद्र दिसायला नको?
मी म्हटलं, डेकवर जाऊ की. तो काय पळून जातोय?
चौतीस वर्षं निगमच्या पाणी खात्यात काढली की
माणूस असाच बोलतो.

बॅग भरताना रामबागेतली अर्धी गल्ली घरात.
आवळासुपारी ठेवा हाताशी,
मळमळीची गोळी आधी घ्यायची, नंतर उपयोग नाही,
मधल्या मजल्यावर डुलणं कमी.
(आमचा चौथा. मधला की खालचा, कुणालाच सांगता येईना.)
लवंगी सेव चार पाकिटं,
आणि एका रात्री सगळ्यांनी नटून जेवायचं असतं म्हणून
शरयूची इस्त्री.

इस्त्री पहिल्याच दारात काढून घेतली.
आग लागते म्हणे. पावती दिली, दोनशे सतरा नंबर.
सेव निमूट आत गेली.

मग गळ्यात कार्ड, अंगावर नारिंगी जाकीट,
बुडालो तर कुठे उभं राहायचं याची तालीम.
शिट्टी वाजवून बघू नका, असं सांगितलं
आणि शरयूने वाजवली.

दिवा मालवला की खोलीत असा काळोख,
डोळे मिटलेत का उघडे, बोटानं चाचपून बघावं.
टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या नाकावरचा कॅमेरा.
आवाज बंद करून तोच लावून ठेवला रात्रभर:
करडं पाणी, वर करडं आभाळ.
अठरा हजारांची खिडकी, मी म्हटलं.
ती पाठ करून झोपली.

जेवायला आठ जणांचं टेबल, सात अनोळखी भाषणं.
वाढायला वेंगुर्ल्याचा ग्रेगरी.
दुसऱ्या दिवशी त्यानं न मागता साधं वरण आणलं,
शरयूसमोर ठेवलं, वर लिंबाची फोड.
मी त्याला विचारलं, इतक्या माणसांना पाणी कुठून देता?
"ह्याच समुद्राचं, काका. खाली यंत्र आहे, गोडं करतं."
प्रेशर? चोवीस तास?
तो हसला. त्याला प्रश्नच कळला नाही.

मी जेवण सोडून हिशेब करत बसलो.
जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढवून
आम्ही नर्मदा आणायचो,
आणि टाकीत पोचेपर्यंत
निम्म्या इंदूरच्या शिव्या खायचो.

तिसऱ्या रात्री जाग आली ती पाण्याच्या आवाजानं.
समुद्र नव्हे. नळ.
न्हाणीत दिवा, शरयू वाकलेली.
दोन बाटल्या भरलेल्या, चहाची किटली भरलेली,
बर्फाचं भांडं काठोकाठ,
दात घासायचा पेलासुद्धा.

"उद्या नाही आलं तर?"

चहूकडे पाणी. खाली किती बांबू, कोण जाणे.
मी काही बोललो नाही.
तिच्या वाराचं वेळापत्रक
माझ्याच सहीनं निघायचं.
बर्फाचं भांडं उचललं,
हिंदकळणार नाही असं कोपऱ्यात ठेवलं.

परत आलो तर घराची फरशी डुलतेय.
दोन दिवस शरयू ओट्याला धरून उभी,
कणीक मळतानाही पाय फाकवून, खलाशासारखी.
पहाटे नळ आधी खाकरला, हवा सोडली,
मग आलं.
मुजुमदारांच्या सुनेनं कुंपणावरून विचारलं,
काकू, कसा होता समुद्र?
"चोवीस तास होतं," शरयू म्हणाली, आणि बादली सरकवली.

इस्त्री तिथेच राहिली.
उतरायच्या गर्दीत आठवली नाही.
पावती अजून पाकिटात आहे,
कपडे कोपऱ्यावरच्या धोब्याकडे,
आणि दोनशे सतरा नंबर
कुठल्या पाण्यावर असेल आता.